पाचव्या ओळीतलं नाव

६ फेब्रुवारी

दादा,

आठ वर्षांनी पत्र लिहायला बसलोय आणि सुरुवात काय करावी तेच सुचत नाही. बाबा गेले तेव्हाचं माझं शेवटचं पत्र तू फाडून टाकलं असशील अशी आशा आहे. नसेल फाडलं तर आता फाड. त्यातलं निम्मं मी रागाने लिहिलं होतं आणि उरलेलं निम्मं समाचाराला आलेल्या लोकांनी शिकवलं होतं.

बातमी अशी, की गावात स्मारक होतंय. बाजाराच्या चौकातली पाण्याची जुनी टाकी पाडली आणि तिथे काळ्या दगडाची पुरुषभर उंच शिळा उभी केली आहे. लढाईत पदक मिळालेल्या आपल्या गावच्या माणसांची नावं तिच्यावर कोरायची आहेत. एकंदर अकरा नावं. पाचवं तुझं.

समिती नेमली आहे. अध्यक्ष आपले हेडमास्तर. हो, तेच. अजून आहेत, आणि अजूनही समोरच्याला मधेच थांबवून त्याचं वाक्य दुरुस्त करतात. चिटणीस म्हणजे नगरपालिकेतले कारकून. ते निवृत्त होऊन चार वर्षं झाली, पण दप्तराच्या कपाटाची किल्ली अजून त्यांच्याच खिशात असते, कारण नव्या माणसाला कपाटातलं काही सापडत नाही. आणि अर्थात कॅप्टनसाहेब. त्यांचं नाव शिळेवर पहिलं आहे. ते परवा कोटाचं माप द्यायला आले आणि पोट आत ओढून असे उभे राहिले की मी टेप लावून नुसता वाट बघत बसलो. माणूस किती वेळ श्वास धरणार? शेवटी सुटला श्वास, आणि मी खरं माप लिहून घेतलं.

उद्घाटनाला शिळेवर जो पडदा टाकायचा तो मी शिवतोय. दोरी ओढली की सगळा एकदम खाली यायला हवा, अडकता कामा नये. मोठं नाजूक काम आहे.

काल कारकून यादी घेऊन दुकानात आले. सोबत वर्तमानपत्रातलं ते कात्रण. तुझ्या सत्काराच्या दिवसाचं. म्हणाले, "बाकी दहा जणांचे कागद आले. तुमच्या भावाचा तेवढा राहिलाय. पदकाचा कागद आहे का घरात?" मी म्हटलं, दादाकडे असेल, विचारतो. ते माझ्याकडे चष्म्यावरून जरा जास्तच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "विचारा. उद्घाटन बारा एप्रिलला आहे, पण कोरायला याच महिन्यात सुरुवात."

तर तेवढं कळव. जन्मसाल आणि कागद.

ताकाला जाऊन भांडं लपवायची माझी खोड तुला नवी नाही, म्हणून पत्र बंद करण्याआधी लिहून टाकतो. यादीत तुझ्या नावापुढे 'शौर्यपदक' लिहिलं आहे. फोटोत तुझ्या खिशावर त्याचीच फीत आहे ना. ते पदक तुला मिळालेलं नाही, हे या गावात फक्त मला ठाऊक आहे.

तुझा धाकटा

१९ फेब्रुवारी

दादा,

तुझं उत्तर नाही. पत्ता बरोबर आहे हे मला ठाऊक आहे, कारण दर वर्षाअखेरीला वहिनींचं कार्ड त्याच पत्त्यावरून येतं. तू आता रुग्णवाहिका चालवत नाहीस, शाळेची गाडी चालवतोस, हेही त्यांच्याकडूनच कळलं. म्हणजे पत्र पोचलं, आणि तू वाचून गप्प बसला आहेस. तुझं गप्प बसणं मला पाठ आहे.

पाथरवट आलाय. शिळेभोवती ताडपत्री बांधून आत स्टुलावर बसतो. आधी त्याने सगळी नावं गेरूने लिहून काढली, हेडमास्तरांनी दोनदा तपासली. सोमवारपासून छिन्नी लागणार. दिवसाला एक नाव, त्याहून जास्त करत नाही. म्हणतो, "घाई केली की अक्षर फुटतं, आणि फुटलेलं अक्षर पुसता येत नाही." तुझी पाचवी ओळ शुक्रवारी येते.

मी हेडमास्तरांना म्हटलं, दादाचा कागद अजून आला नाही, तोवर थांबूया का? ते म्हणाले, "फोटो आहे की. आणि मी स्वतः त्या सत्काराला भाषण केलेलं आहे." कॅप्टनसाहेब शेजारीच होते. ते म्हणाले, "कागद कसला मागता? मी त्याला सलाम केलाय, भर चौकात. माझ्या सलामावर विश्वास नाही तुमचा?" चोराच्या मनात चांदणं. उगाच इस्त्री गरम झाली का बघायला आत गेलो.

गावात तुझ्याबद्दल काय बोलतात तेही आज सांगून टाकतो. पदक मिळालं आणि डोक्यात हवा गेली, गावाकडे फिरकला नाही, बाप गेला तरी आला नाही. हे असं बोलणं एकोणीस वर्षं चाललंय. आणि मी ते कधी थांबवलं नाही. खरं सांगायचं तर एखाद्या वेळी वरून मीठमसालाही लावला. "हो ना, मोठा माणूस झाला आमचा दादा," असं मी स्वतः म्हटलेलं आहे, कात्री चालवता चालवता. तू शहाणा आहेस, मी असं का म्हणत होतो हे तुला सांगायला नको. तू गर्विष्ठ ठरलास की न येण्याचं दुसरं कारण कोणी शोधत नव्हतं.

सत्कारानंतर मागच्या खोलीत तू मला विचारलंस, "मुद्दाम लावलीस का?" आणि मी म्हटलं, "चुकून." ते खोटं नव्हतं. तुला आठवतं का, तू आलास तेव्हा तुझी फीत कशी झाली होती? कडेने धागे सुटलेले, अर्ध्यावर औषधाचा डाग. उद्या सत्कार, आणि बाबा म्हणाले, नवी लाव. तुझ्या जखमी सैनिकाच्या फितीला लाल पट्ट्यात मधोमध काळी रेघ. शौर्यपदकाच्या फितीला तसाच लाल पट्टा आणि रेघ गडद निळी. कॅप्टनसाहेबांच्या कोटाचं काम आपल्याकडेच असायचं, त्यांच्या फितीचा उरलेला तुकडा खणात पडला होता. संध्याकाळचे दिवे लागले होते. काळा आणि गडद निळा हे दोन रंग पिवळ्या दिव्याखाली जुळे दिसतात. बाबांनी मला पहिल्या महिन्यातच शिकवलं होतं, की हे दोन रंग दिवसाच निवडायचे, नाहीतर निवडायचेच नाहीत. मी निवडले. बावीस वर्षांचा होतो आणि मला सगळं येतं असं मला वाटायचं.

म्हणजे चूकच होती. हे तुला आज पुन्हा सांगावंसं वाटलं.

तुझा धाकटा

२४ फेब्रुवारी

दादा,

आज मंगळवार. दुसरं नाव पुरं झालं. दुकानात बसलं की छिन्नीचा आवाज ऐकू येतो. पडद्याला टाके घालताना मी त्या ठोक्यांवर सुई चालवतोय असं दुपारी माझ्या लक्षात आलं, आणि मी सुई खाली ठेवली.

मागच्या पत्रात मी जे लिहिलं ते खरं आहे, पण अर्धं आहे. पुढचं अर्धं मी कोणाला सांगितलेलं नाही. बाबांना नाही, तुझ्या भावजयीला नाही. आज सांगतो.

सत्काराच्या दिवशी सकाळी तू न्हाव्याकडे गेला होतास. मी तुझा कोट इस्त्री करून दुकानाच्या दाराला टांगला. ऊन थेट दारावर येत होतं. आणि मला रेघ निळी दिसली.

स्वच्छ निळी, दादा. शंका घ्यायलाही जागा नव्हती.

माझ्या हातात वीस मिनिटं होती. फीत उसवायला दोन मिनिटं लागतात. बदलायला दुसरा तुकडा नव्हता हे खरं, पण तुझी जुनी डाग पडलेली फीत केराच्या डब्यात वरच होती, तीच परत लावता आली असती. मी उसवणीची पिन हातात घेतली सुद्धा. तेवढ्यात कॅप्टनसाहेब तुला न्यायला आले. त्यांनी दारात टांगलेला कोट पाहिला, फीत पाहिली, आणि टाच जुळवून कोटाला सलाम केला. नुसत्या कोटाला. तू आत नव्हतास.

बाबा मशीनवर बसले होते. मोतीबिंदूमुळे त्यांना रेघ-बिघ काही दिसत नव्हती, पण सलाम दिसला. ते उठून उभे राहिले. आयुष्यभर साहेबलोकांच्या पायाशी बसून पँटची उंची मोजलेला आपला बाप, त्याच्या मुलाच्या कोटाला कॅप्टन सलाम करत होता. बाबांचा चेहरा मी तसा त्याआधी कधी पाहिला नव्हता. त्यांनी मला विचारलं, "कसलं पदक आहे रे?" आणि कॅप्टनसाहेबांनी मोठ्याने सांगितलं, "शौर्याचं! पोराने सांगितलं नाही तुम्हाला?"

मी पिन खिशात टाकली.

चूक संध्याकाळची होती. सकाळी जे केलं ती चूक नव्हती. आणि ते सगळं बाबांसाठी केलं असंही म्हणणार नाही. मलाही बरं वाटलं. शूर माणसाचा भाऊ व्हायला मलाही आवडलं. तू पायात गोळी घेऊन, काठी टेकत आलास, ते मला कमी वाटलं, हे लिहिताना आज लाज वाटते, पण तेव्हा वाटलं होतं.

मग तू आलास, बाबांनी स्वतः तुला कोट चढवला. चौकात गेल्यावर कॅप्टनसाहेबांनी पुन्हा सलाम केला तेव्हा तू खाली खिशाकडे पाहिलंस. नंतर माझ्याकडे. बाबा तुझ्या दंडाला धरून उभे होते, समोर सगळं गाव, आणि तू तोंडातून शब्द काढला नाहीस. संध्याकाळच्या गाडीने गेलास. आणि मी "चुकून" एवढा एक शब्द तुझ्या हातात देऊन मोकळा झालो.

मोकळा कसला झालो? एकोणीस वर्षांत या दुकानात मी शिवलेला एक कोट परत आला नाही, दादा. एक तेवढा सोडून सगळे कोट मी नीट शिवले.

शुक्रवारी तुझी ओळ. खोटं पदक दगडात गेलं तर उद्या कोणी खरा कागद काढेल आणि चोर तू ठरशील, मी नाही. तुझं उत्तर येवो न येवो, मी समितीपुढे जाऊन सांगणार आहे. तुझी परवानगी मागत नाही. फीत लावताना मागितली नव्हती, आता कसली मागू?

तुझा धाकटा

२६ फेब्रुवारी

दादा,

सांगून आलो. काल संध्याकाळी पाच वाजता.

आधी घरी सांगितलं. तुझी भावजय पीठ मळत होती. मी सगळं, अगदी पिनेपर्यंत, सांगितलं. ती मळतच राहिली. मग म्हणाली, "एवढंच? लग्न झाल्यापासून तुम्ही झोपेत 'उसव, उसव' म्हणता. मला वाटलं, काहीतरी भयंकर असेल." आणि मग हात न धुताच माझ्याजवळ येऊन बसली. माझ्या सदऱ्यावर पिठाचे हात उमटले. तसाच गेलो सभेला.

नगरपालिकेच्या मागच्या खोलीत तिघेही होते. मी उभा राहूनच बोललो. हेडमास्तरांनी एकदाही मधे थांबवलं नाही, तिथेच मला कळलं की प्रकरण गंभीर आहे. माझी पाचावर धारण बसली होती.

पहिले कॅप्टनसाहेब बोलले. लाल झाले होते. "माझ्या फितीचा तुकडा? मला न विचारता?"

मी म्हटलं, "उरलेला होता, साहेब."

"उरलेला असला म्हणून काय झालं? तो उरलेला तुकडासुद्धा माझाच होता!"

हेडमास्तर म्हणाले, "अहो, मुद्दा तो नाही." कॅप्टनसाहेब म्हणाले, "मग तुमचा मुद्दा तुम्ही मांडा, माझा मी मांडतोय." इतक्या गंभीर वेळी मला हसू यायला लागलं आणि मी ते खोकल्यात दाबलं.

या सगळ्यात कारकून काहीच बोलले नव्हते. ते उठले, किल्ली काढली, कपाटाचा खालचा खण उघडला आणि एक पिवळी पडलेली फाइल टेबलावर ठेवली. त्यात एकच कागद. मी तुझं अक्षर लांबून ओळखलं.

कारकुनांनी तो वाचून दाखवला. तुला आठवत असेल की नाही कोण जाणे, म्हणून मी उतरवून आणला आहे.

"नगरपालिका कार्यालयास. मागील आठवड्यात झालेल्या माझ्या सत्काराच्या वेळी माझ्या कोटावर शौर्यपदकाची फीत होती. ती माझी नाही. मला जखमी सैनिकाचे पदक मिळालेले आहे, दुसरे कोणतेही नाही. सदर फीत मी स्वतः आणून लावून घेतली. आमच्या दुकानातील कोणाचाही यात दोष नाही, त्यांना फितींमधले काही कळत नाही. याची आपल्या दप्तरी नोंद असावी. माझे वडील वयस्कर आहेत. त्यांच्या हयातीत याची वाच्यता होऊ नये, ही विनंती."

सत्कारानंतर चौथ्या दिवसाची तारीख आहे.

'त्यांना फितींमधले काही कळत नाही.' दादा, मी या जिल्ह्यातला एकटा शिंपी आहे ज्याला सगळ्या फिती डोळे मिटून सांगता येतात. ते वाक्य ऐकून मला आधी राग आला, खरंच राग आला, आणि मग मी त्या तिघांसमोर खुर्चीत बसून लहान पोरासारखा रडलो. कॅप्टनसाहेबांनी मला त्यांचा रुमाल दिला आणि रडणं थांबल्यावर लगेच परत मागून घेतला.

एकोणीस वर्षं तो कागद नगरपालिकेच्या त्या कपाटात होता. मी रोज तिथल्या खिडकीखालून दुकानात जात होतो.

मी कारकुनांना विचारलं, तुम्ही बोलला का नाहीत? ते म्हणाले, "तुमच्या भावाने वडील असेपर्यंत गप्प राहायला सांगितलं होतं, म्हणून राहिलो. वडील गेल्यावर कोणी विचारलं नाही, म्हणून राहिलो. आता विचारायची वेळ आली तेव्हा आधी तुमच्याकडे आलो होतो, कागद मागायला. तुम्ही म्हणालात, विचारतो."

"आणि मी आलो नसतो तर?"

"उद्या गुरुवार. उद्या सकाळी मी पाथरवटाला थांबवणारच होतो," ते म्हणाले. "पण तुम्ही आलात ते बरं झालं. मला फार दिवस वाटत होतं, फीत लावून घेणारा माणूस असं पत्र लिहीत नाही."

मग हेडमास्तर उठले. आम्ही चौघे चौकात गेलो. उजेड होता अजून. हेडमास्तरांनी पाथरवटाकडून ओलं फडकं घेतलं आणि पाचव्या ओळीतला 'शौर्यपदक' हा शब्द स्वतःच्या हाताने पुसला. गेरू सहज निघाला. त्या जागी 'जखमी सैनिक पदक' लिहायचं ठरलं, तेही पदकच आहे, तूही यादीतच आहेस, फक्त तुझं जे आहे ते लिहायचं. पण ते अजून लिहिलेलं नाही. कारकून म्हणाले, "या माणसाच्या अंगावर एकदा त्याला न विचारता चढवलं गेलं. या वेळी तो हो म्हणेल तेव्हाच छिन्नी." म्हणून पाचवी ओळ सोडून पाथरवट सहावी घेणार आहे.

दादा, माझा जीव भांड्यात पडला, असं लिहिणार होतो. पण अजून पुरता पडलेला नाही. तुझ्या होकाराशिवाय दगडात एक ओळ रिकामी राहील, आणि बारा एप्रिलला मी शिवलेला पडदा पडेल तेव्हा सगळ्या गावाला ती दिसेल.

काल मात्र मी झोपलो. सकाळी उन्हं आल्यावर तुझ्या भावजयीने हलवून उठवलं. म्हणाली, रात्रभर एकदाही उसवलं नाहीत.

तुझा धाकटा

(वहिनींकडून आलेलं)

८ मार्च

भाऊजी,

तुमची चारही पत्रं पोचली. यांनी ती वाचली, हे मी सांगते, कारण हे स्वतः सांगणार नाहीत.

तिसरं पत्र दोनदा वाचलं. मग गाडी धुवायला गेले. गाडी आदल्याच दिवशी धुतलेली होती. तासाभराने आत आले आणि मला एवढंच म्हणाले, "त्या सकाळचं मला तेव्हाच कळलं होतं. त्याच्या खिशातून पिन बाहेर आली होती आणि तो माझ्याकडे बघत नव्हता."

मी म्हटलं, कळलं होतं तर ते पत्र तसं कशाला लिहिलंत? सगळं स्वतःवर कशाला घेतलंत? तर म्हणाले, "दुकान बाबांचं होतं. शिंप्यावरचा विश्वास गेला की दुकान उरत नाही."

तुमच्यावर राग होता. खोटं सांगत नाही, पुष्कळ होता. पण गावात न येण्याचं कारण राग नव्हतं. तिथे पाऊल टाकलं की लोक ती फीत लावायला लावतील, आणि नाही म्हटलं की तुम्ही उघडे पडाल, आणि लावली की हे खोटे ठरतील. म्हणून येणंच बंद केलं. वडील गेले तेव्हा गावाकडच्या गाडीच्या तळावर चार तास बसून परत आले होते. हे त्यांनी तुम्हाला सांगितलं नसणार. मीही सांगणार नव्हते.

चौथं पत्र आलं तेव्हा तो कॅप्टनच्या रुमालाचा मजकूर वाचून हसले. मोठ्याने. मुलं बाहेरून धावत आली, काय झालं बघायला.

होकाराचं मला माहीत नाही. मी विचारलं नाही. तुम्ही दोघे भाऊ विचारल्यावर उत्तर देणाऱ्यातले नाहीत.

वहिनी

२० मार्च

दादा,

तुझं कार्ड आज दुपारी मिळालं. पोस्टमनने दुकानात टाकलं तेव्हा मी कॅप्टनसाहेबांच्या कोटाला काजं करत होतो आणि तेही समोर बसले होते. मी कार्ड उलटसुलट केलं. ना 'प्रिय', ना खुशाली. छाती बेचाळीस, कंबर अडतीस, बाही चोवीस, उंची तीस, खांदा तेवीस. आणि खाली: "नाव घाला. कोट साधा शीव. फीत मी आणतो."

एकोणीस वर्षांनंतर माझ्या भावाने मला माप पाठवलं. मी ते कॅप्टनसाहेबांना वाचून दाखवलं, आणि हा सैनिकी माणूस, ज्याच्या फितीचा तुकडा आपण चोरला, तो म्हणाला, "कंबर अडतीस? खोटं सांगतोय. चाळीस धर." मग रुमाल काढून नाक शिंकरलं आणि उगाचच रस्त्याकडे बघत बसला.

मी दुकान तसंच उघडं टाकून चौकात पळालो. चप्पल एकाच पायात होती हे तिथे गेल्यावर कळलं. बाकीची दहा नावं कधीच कोरून झाली होती, पाथरवट शिळेच्या कडा घासत होता. मी त्याला कार्ड दाखवलं. त्याला वाचता येतं, पण त्याने मापं वाचली आणि म्हणाला, "हे दगडावर घालायचं?" मी म्हटलं, नाही रे बाबा, खालची ओळ बघ. मग तो हसला. गेरूचा डबा उघडला. कारकुनांना बोलावून आणलं, त्यांनी कार्ड नीट वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं आणि म्हणाले, "हे मी दप्तरी लावून घेऊ का?" मी म्हटलं, मुळीच नाही. हे माझं आहे. तुमच्याकडे एक आहे तेवढं पुरे.

उद्या सकाळी तुझी ओळ घेणार. जखमी सैनिक पदक. मी समोर बसून बघणार आहे, पडद्याची किनार तिथेच बसून घालीन.

घरी सांगितलं. तुझी भावजय म्हणाली, माणूस येणार तर मागची खोली रिकामी करा, तिथे तुमच्या चिंध्यांचा डोंगर आहे. खोली करतोय रिकामी. गाव काय म्हणेल याची काळजी करू नकोस. हेडमास्तरांनी मागच्या आठवड्यात बाजारात उभं राहून सगळं सांगितलं, माझ्या नावासकट. दोन दिवस लोक मला बघून गप्प व्हायचे. तिसऱ्या दिवशी भाजीवाल्याने आपली पँट ठिगळ लावायला आणून दिली आणि म्हणाला, "रंग बघून लाव हं." दुकानात जेवढे होते तेवढे हसले, मीही हसलो. हलकं वाटलं, दादा. किती हलकं ते सांगता येत नाही. अंगावरून ओला कोट काढून ठेवल्यासारखं.

आता कामाचं. कापड घेतलंय, करड्या रंगाचं, तुला आवडेल. छाती, बाही, उंची ठीक आहे. कंबर मी कॅप्टनसाहेबांच्या म्हणण्याप्रमाणे चाळीस धरतो. पण खांदा तेवीस हे कुठून आणलंस? तेवीस इंच खांदा माणसाचा नसतो, कपाटाचा असतो. हे माप तू एकट्याने घेतलं आहेस, वहिनींनाही टेप धरू दिली नाहीस. आरशासमोर उभा राहून, एक हात मागे टाकून, टेपचं दुसरं टोक कुठे गेलं ते न बघता. माणसाला आपल्या खांद्याचं माप आपल्या हाताने घेता येत नाही, दादा. ते मागे उभं राहूनच घ्यावं लागतं.

तेव्हा बाराला नको, नऊलाच ये. वहिनींना आणि मुलांना घेऊन ये. सकाळच्या गाडीने आलास तर मी तळावर असेन, टेप घेऊन. तोवर कापडाला कात्री लावत नाही.

तुझा धाकटा